अतिसेवेविरुद्ध अर्ज

मुलगे सांभाळत नाहीत, असे अर्ज मी नळदुर्गच्या कचेरीसमोर पुष्कळ लिहिले आहेत. परंतु या वृद्ध भिस्त्याची तक्रार नेमकी उलटी होती. पाठीवर पाण्याची पखाल नसतानाही ती सावरल्यासारखा खांदा उडवून ते बोलत.

"मुन्शीजी, पोरं लई भली, पर वरीसभर बाजंवरून उठू देईनात. मांडी बगा, मुठीत मावती. मला चालू द्या, असा हुकूम मागा."

मी त्यांना बसावयास सांगितले.

"बसूनच ही गत झाली!"

इतक्यात मुलगा टांगा घेऊन आला. "अब्बा, चला."

"तूच बस त्यात," म्हणून ते भिंत धरून निघाले. कोपऱ्यावर थांबले. त्यांनी पुढचे पाऊल टाकेपर्यंत माझ्याने एक अक्षर लिहवले नाही.