जयराम पगारेंच्या घरातला घाट

ओझरच्या विमानाच्या कारखान्यात जयराम पगारे फिटर होते आणि विमानाचं त्यांना काडीइतकंही कौतुक नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं की नाशिकरोडला जेलरोडची सगळी कॉलनी माना वर करायची. जयरामराव मात्र खाली मान घालून सायकलची चेन बसवत राहायचे. ज्याला रूळ नाहीत, सांधे नाहीत, सिग्नल नाही, जे मनाला येईल तिकडं वळतं, त्याला ते वाहनच मानत नसत. कारखान्याच्या बसलाही त्यांनी नाइलाजानं मान्यता दिली होती. खरं वाहन एकच, रेल्वे, आणि ती त्यांनी स्वतःच्या घरात बांधली होती.

माणसाचं वेड गोड मानून घ्यावं असं सांगणारे लोक त्याच्या घरात राहत नसतात. जयरामरावांच्या बायको लताबाई राहत होत्या. दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत एक लांबरुंद फळी बिजागऱ्यांनी भिंतीला बसवलेली होती. आठवडाभर ती चादर पांघरून उभी असायची आणि रविवारी आडवी व्हायची. तिच्यावर कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा अख्खा घाट होता. जुन्या पेपरांच्या लगद्याचे डोंगर, डालड्याच्या डब्यांचे बोगदे, टोपलीच्या कामट्यांचे स्लीपर आणि वर पितळी पट्ट्यांचे रूळ. फळी खाली आली की दारातून येणाऱ्याला कमरेत वाकून इगतपुरी स्टेशनाच्या खालून आत शिरावं लागे. दूधवाल्याला सवय झाली होती. लताबाईंच्या भावानं मात्र एकदा डोकं आपटून घेतल्यापासून रविवारी येणं सोडलं होतं, आणि जयरामरावांना त्याचं फारसं दुःख नव्हतं.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला, त्यांची एकुलती एक सिंधू शाळेत जायला लागली तेव्हा, ही रेल्वे नुसती गोल फिरायची. मुलगी टाळ्या वाजवायची आणि बाप उदास व्हायचा. खरी गाडी कुठून तरी निघते आणि कुठं तरी पोचते. आपली फिरतेय घाण्याच्या बैलासारखी. हे काही खरं नाही असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि खरी रेल्वे कशी चालते ते मुळापासून शिकायचं ठरवून ते दर रविवारी प्लॅटफॉर्म तिकीट काढून नाशिकरोड स्टेशनवर जाऊन बसू लागले.

"कुठं जायचंय?" तिकीट तपासनीस विचारायचा.

"कुठंच नाही."

"मग कुणाला घ्यायला आलात?"

"कुणालाच नाही."

अशी उत्तरं देणाऱ्या माणसाकडं तपासनिसानं कसं बघावं? शेवटी कोंडाजी नावाच्या सांधेवाल्यानं त्यांची बाजू घेतली. रूळ एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवायचं काम त्याचं. हा बाबा कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, एवढं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं आणि जयरामरावांना पहिला धडा दिला. "भाऊ, आधी सांधा, मग सिग्नल. रस्ता लागल्याबिगर सिग्नल पडायचाच नाय."

हा धडा जयरामरावांनी इतका मनावर घेतला की घरात राहणं अवघड झालं. लताबाईंनी स्वयंपाकघरातून "जेवायला या" म्हणून हाक मारली की ते जागेवरून विचारत, "ताट वाढलंय का?"

"तुम्ही या तर खरं, वाढते."

"मग सिग्नल कशाला दिलात?"

लताबाईंनी या माणसाला उपाशी कसं ठेवलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

घाट बांधून झाल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. कसाऱ्याच्या पुढं चढ असा की पुढच्या एकट्या इंजिनाच्या बळावर गाडी वर जात नाही. म्हणून कसाऱ्याला मागून इंजिन जोडतात आणि ते गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत नेतं. त्याला बँकर म्हणतात. जयरामरावांनीही बँकर लावला. भद्रकालीच्या जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डरच्या दोन मोटारी आणल्या. पुढच्या इंजिनाला रुळातून वीज, मागच्याला वरच्या तारेतून, दोघांच्या चाव्या वेगळ्या. पुढच्या चावीवर ते स्वतः, मागच्या चावीवर सिंधू. इंजिनात शिट्टी बसवणं काही जमेना, तेव्हा ते खातंही सिंधूकडं गेलं. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की गल्लीच्या टोकाचा रिक्षावाला ब्रेक दाबायचा. पण एवढं करूनही गाडी कसारा सोडते न सोडते तोच मधले डबे रुळावरून उड्या मारायचे. वर्षानुवर्षं हाच प्रकार. गाडीनं इगतपुरी कधी पाहिलीच नाही.

आधी कोण हलतं, पुढचा की मागचा, एवढाच प्रश्न होता. हमाल म्हणाले पुढचा. चहावाला म्हणाला मागचा. बुकस्टॉलवाला म्हणाला, पुस्तक घ्यायचं असेल तर घ्या. कोंडाजीनं हात वर केले, "ते घाटातलं काम. आपल्याकडं घाटच नाय." मग जयरामरावांनी रजा टाकली आणि लताबाईंना घेऊन थेट कसारा गाठलं. गाडी एवढी लांब की पुढं उभं राहिलं तर मागचं दिसत नाही. म्हणून आपण पुढच्या टोकाला थांबायचं, लताबाईंनी मागच्या टोकाला, आणि मागचं इंजिन हललं की त्यांनी हात उंच करून पांढरा रुमाल हलवायचा, असा चोख बंदोबस्त झाला. गाडी आली, बँकर लागला, शिट्टी झाली आणि गाडी निघूनही गेली. रुमाल काही हलला नाही. जयरामराव धापा टाकत मागच्या टोकाला पोचले तर लताबाई एका ट्रंकेवर बसून कुणाशी तरी हसत होत्या.

"अहो, ही रंगूबाई. आमच्या हरसूलची, अगदी शेजारच्या घरातली. किती वर्षांनी भेटली बघा."

"लता, गाडी गेली."

"जाऊ द्या. आपल्याला कुठं तिच्यात बसायचं होतं?"

पुन्हा कसाऱ्याला यायला लताबाईंनी साफ नकार दिला आणि प्रश्न होता तिथंच राहिला.

मधल्या काळात सिंधू मोठी झाली, डी.एड. झाली, शाळेत शिकवू लागली आणि तिला स्थळं येऊ लागली. निफाडचे पाहुणे सांगितल्या वेळेच्या आधी आले, तेव्हा फळी खाली होती. मुलाचे वडील देहानं भरलेले, वाकण्यातले नव्हेत. ते दारात उभे राहिले आणि आतून जयरामरावांचा आवाज आला, "जरा थांबा, मालगाडी सेक्शनमध्ये आहे." ते थांबले नाहीत. सिन्नरचा मुलगा चांगला होता, पण त्यानं मुलीशी एक शब्द बोलण्याच्या आत सासऱ्यानं त्याला सिग्नलचे प्रकार विचारले, आणि आपली परीक्षा घेतात म्हणून ते लोक रागावून गेले.

शहाऐंशी साली इगतपुरीच्या गांगुर्ड्यांचा निरोप आला तेव्हा लताबाईंनी कंबर कसली. "या वेळी रेल्वेचा र जरी काढलात, तर दुसऱ्या दिवशी ही फळी भंगारवाल्याच्या गाडीवर. आणि पोरीचं मोडलं तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही."

जयरामरावांनाही पोरीचं वाईट वाटत होतं. ती काही बोलायची नाही, पण सिन्नरची मंडळी गेली त्या दिवशी तिनं सगळे पोहे मुकाट्यानं परत पातेल्यात ओतले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून शब्द दिला. शब्द देऊन झाल्यावर मध्यस्थानं माहिती पुरवली. मुलगा नाथा, पोस्टात नोकरीला. वडील यादवराव, घाटात बँकरवर ड्रायव्हर. त्या दिवशी जयरामरावांना जेवण गेलं नाही.

रविवारी पाहुणे आले. यादवराव, त्यांच्या पत्नी चतुराबाई आणि नाथा. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले, आणि जयरामराव ओठ घट्ट मिटून बसले. ज्या प्रश्नासाठी त्यांनी रजा घालवली, त्याचं उत्तर समोर बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होतं.

"तुमचं काम विमानाचं म्हणे," यादवराव उत्साहानं म्हणाले. त्यांना विमानाची फार हौस. "आमचा जल्म घाटात गेला. विमान कसं हो उडतं?"

"उडतं," जयरामराव म्हणाले.

"नाय, पण आत काय काय असतं?"

"असतं बरंच."

यादवरावांनी हवापाण्याचा विषय काढून पाहिला. जयरामरावांनी मान हलवली. तोंड उघडलं तर बँकरच बाहेर पडेल अशी त्यांना धास्ती होती. सिंधू चहा घेऊन आली, नाथानं तिच्याकडं आणि तिनं त्याच्याकडं बघून घेतलं आणि दोघांनाही बरं वाटलेलं दिसलं, पण मुलीचा बाप भिंतीवर बसवलेल्या खुंटीसारखा गप्प. चतुराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. यादवरावांनी कप खाली ठेवला.

"बरं, निघतो आम्ही," ते जरा कडवटपणे म्हणाले. "पाहुण्यांच्या मनात नाय, तर आग्रह कशाला. इंजिनावर काळवंडलेली माणसं आम्ही, विमानवाल्यांना कशी चालणार."

सिंधूचा चेहरा उतरला. जयरामराव तरीही गप्प. त्यांनी शब्द दिला होता. पाहुण्यांनी चपलांत पाय घातले तेव्हा लताबाईंच्यानं राहवलं नाही. त्या दारात आडव्या झाल्या आणि नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "अहो, बोला ना. रेल्वेचं बोला. बोला एकदाचं."

"आधी पुढचा हलतो का मागचा?" जयरामरावांच्या तोंडून एका दमात आलं.

यादवराव चपलेसकट वळले. "काय?"

पुढचं सगळं लताबाईंनी सांगितलं, कारण जयरामराव तोवर चादर ओढून फळी खाली घेत होते. यादवराव कसाऱ्यापासून एकेक बोगदा निरखत गेले. एकदा हसले, एकदा डोळे पुसले, मग चपला काढून पुन्हा आत आले.

"पुढचा शिट्टी देतो," ते म्हणाले. "मागच्यानं शिट्टीनं जबाब दिला की काम सुरू. मग आमच्या हाताची रीत अशी, की आधी मागच्यानं अंग लावायचं. सावकाश. डबे एकमेकांना टेकू द्यायचे. टेकले की पुढच्यानं वढायचं. पुढं कोण बसतं तुमच्यात?"

"मी."

"मागं?"

"सिंधू."

"उलटं करा. मागच्याला पुढचं काहीबी दिसत नाय. नुसत्या शिट्टीवर भरोसा ठेवून ढकलायचं. तिथं जुना माणूस लागतो."

सिंधू पुढच्या चावीवर बसली, जयरामराव मागच्या. इगतपुरीच्या सिग्नलचा दोरा यादवरावांनी नाथाच्या हातात दिला. आणि म्हणाले, "दे शिट्टी, पोरी."

पाहायला आलेले लोक मुलीला चालून दाखव म्हणतात, वाचून दाखव म्हणतात. शिट्टी वाजवून दाखव कुणी म्हणाल्याचं लताबाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांनी घाईनं मान हलवून नको नको केलं. सिंधूनं आईकडं पाहिलं, चतुराबाईंकडं पाहिलं, आणि दोन बोटं तोंडात घातली. कपबश्या खणखणल्या.

"आमचं क्वार्टर यार्डाला लागून हाय," चतुराबाई शांतपणे म्हणाल्या. "शिट्टी नसली तर मला झोप येत नाय."

जयरामरावांना शिट्टी येत नव्हती. त्यांनी तोंडानंच कूक केलं आणि चावी हळूच फिरवली. मागचं इंजिन टेकलं, डबे एकमेकांना टेकत गेले, आणि सिंधूनं पुढून ओढलं. गाडी निघाली. डालड्याचा पहिला बोगदा झाला, दुसरा झाला, मधले डबे गुमान चालत होते. नाथा गाडीकडं बघायचं सोडून सिंधूकडं बघत होता.

"सिग्नल," ती त्याला म्हणाली. ती त्याच्याशी बोलली तो पहिला शब्द. त्यानं दचकून दोरा ओढला आणि गाडी इगतपुरीला लागली.

"मुलगी आम्हाला पसंत हाय," यादवराव म्हणाले. नाथाला कुणी विचारलं नाही, पण त्याचं उत्तर त्याच्या तोंडावर होतं. लताबाईंनी चतुराबाईंचे हात धरले. सिंधू लाजायचं विसरून हसत होती, तिचा हात अजून पुढच्या चावीवरच होता.

"आता बँकर सोडा," यादवराव म्हणाले.

"म्हणजे?"

"वर आलं की मागचं इंजिन सोडायचं असतं. घाट संपला, त्याचं काम झालं. गाडी जाते तिच्या रस्त्यानं, बँकर रिकामा खाली येतो."

जयरामरावांना हे ऐकून माहीत होतं. पण घरची गाडी इथवर कधी आलीच नव्हती, त्यामुळं हे काम त्यांच्या हाताला कधी पडलं नव्हतं. ते वाकले. शेवटच्या डब्याला इंजिन जोडणाऱ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तसेच राहिले. गाडीच्या पुढच्या टोकाला त्यांना सिंधू दिसत होती.

"लगेच सोडतात?"

"लगेच. मागं दुसरी गाडी खोळंबलेली असती."

"आमच्या मागं दुसरी गाडी नाही," जयरामराव म्हणाले. "थोडा वेळ राहू द्या."