शिंगाड्याच्या तलावातला वॉटर पोलो

"मॅडम, तुम्ही खेळाडू आहा का म्हशी? तलावात कोण प्रॅक्टिस करते?"

साहेब भंडाऱ्याच्या ऑफिसात खुर्चीत रेलून हसत होते. मला हसू येत नव्हतं. दुरुस्तीसाठी पूलचं पाणी सोडून दिलं होतं आणि विभागीय स्पर्धा तोंडावर आली होती. आमच्या खात्याची महिला वॉटर पोलो टीम दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून घरी यायची. यंदाही तसंच झालं तर टीम बंद, असं वरून आलं होतं. टीम बंद म्हणजे मी टेबलावर. स्पोर्ट्स कोट्यातून लागलेल्या माणसाला पाण्याबाहेर काढलं की उरतात त्या फायली.

"पाणी तं पाणीच असते सर. परवानगी द्या."

"देतो. पण कोणाले काही लागलं, तं त्याच दिवशी कॅम्प बंद. अन् टीमही."

मी मुळात स्विमर. शंभर मीटर फ्रीस्टाइल. राज्यापर्यंत पोचले, पुढे नाही. सेकंदाचे तुकडे कमी करण्यात तरुणपण गेलं. वय वाढलं तसे ते तुकडे एकेक करून परत आले. मग वॉटर पोलो धरला. टीमची कॅप्टन मी, आणि वेगळा कोच नसल्यामुळे प्रॅक्टिसही मीच घ्यायची. पाण्यातला हँडबॉल म्हणा. एका हाताने बॉल फेकायचा, गोल करायचा, आणि तळाला पाय लावायचा नाही. सामन्याचे चार भाग. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बॉल मधोमध ठेवतात. दोन्हीकडची एकेक खेळाडू त्यावर झेपावते. त्याला स्विम-ऑफ म्हणतात. आमच्याकडून ते काम माझं होतं आणि त्याचा मला गर्व होता.

करडीजवळचा तलाव माझ्या माहेरचा. आमचं घर ढिवरांचं, मासे आणि शिंगाडे यांवर चालणारं. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तलाव सांभाळतात. त्यांनी अर्धा तलाव दिला. बांबू रोवून, जुनी जाळी बांधून दोन गोल उभे केले.

"खेळा पोरीहो, पण तिकडच्या येलीत शिरू नका. येल तुटला तं शिंगाडा गेला," एवढंच ते म्हणाले.

पहिल्याच सकाळी सुषमा किंचाळली. सुषमा आमची डिफेन्सची खेळाडू, अंगापिंडाने भक्कम, सहसा हूं की चूं न करणारी. टाचेत काटा गेला होता. मागच्या साली गळलेले शिंगाडे तळाच्या चिखलात पडून असतात. त्यांचे काटे वर्षभर वाट पाहत बसतात.

"मॅडम, काहून सांगतलं नाही?" ती कळवळत होती.

खरं म्हणजे मला सुचलंच नव्हतं. त्या तलावात मी जन्मात कधी पाय टेकला नव्हता. आमच्यात लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही. श्वास घे असं कोणी कोणाला सांगतं का? पण त्याच वेळी दुसरी गोष्ट उमगली, आणि मला सुषमापेक्षा मोठा काटा लागला. पाय टेकल्याशिवाय काटा लागतो कसा? पूलच्या उथळ बाजूला प्रॅक्टिस करता करता आमच्या सगळ्या पोरी चोरून उभ्या राहत होत्या. स्पर्धेचा पूल सगळीकडे खोल. तिथे शेवटच्या भागात आमचा दम का संपतो, ते आज कळलं.

मोठ्या मायने, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोने, सुईने काटा काढला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मी काही बोलायच्या आत सुषमाने तो माझ्या हातातून घेतला.

"साहेब, एकदम मस्त चालू आहे!" फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "काटाच होता मॅडम, साप नाही."

त्यानंतर कोणी पाय टेकला नाही. काट्यापुढे कोचचं काय चालतं! एगबीटर नावाची एक किक असते. उभ्या उभ्या पाय आळीपाळीने गोल फिरवत राहायचे, दोन रव्या उलटसुलट घुसळाव्यात तसे. ती आता पोरींना झोपेतही यायला लागली. पहाटे तलावावर धुकं असायचं. बॉल धुक्यात जायचा आणि कोणाच्या तरी हातात लागल्याचा फट् आवाज तेवढा यायचा. प्रॅक्टिस संपली की आम्ही उताण्या पडून तरंगायचो. कान पाण्याखाली, वर नुसतं आभाळ, बांधापलीकडून धानाचा ओला वास. कोण कुठल्या टेबलाची, कोण कोणाची सून, काही आठवायचं नाही. मी इतकी सुखी पदकाच्या दिवशीही नव्हते.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, धुणं धुणाऱ्या बायांना मात्र आमचं कोडं पडलं होतं.

"अवं, ह्या बाया दिवसभर करतेत काय?"

"बॉल फेकतेत."

"अन् मंग?"

"मंग पुन्हा आणतेत."

याहून नेमका वॉटर पोलो मला आजवर कोणी समजावून सांगितलेला नाही.

शेवटच्या आठवड्यात मी स्विम-ऑफचा सराव घेतला. समोर प्रगती, टीममधली सगळ्यात नवी. ती पुढे निघाली. पुन्हा लावलं, पुन्हा ती पुढे. तिसऱ्या वेळी ती मुद्दाम हळू आली, ते मला कळलं. मी तिला रागावले. राग कशाचा होता, ते तिलाही कळलं असावं.

स्पर्धेत पहिला सामना तीन भाग संपेपर्यंत बरोबरीत. पलीकडच्या पोरींचे खांदे पाण्यात बुडू लागले होते, आमच्या अजून छातीपर्यंत वर होत्या. शेवटचा स्विम-ऑफ. कॅप्टन मी. कोणी जायचं ते मीच ठरवायचं. शिट्टीआधीच्या त्या मिनिटात फार शांत वाटत होतं, सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे.

"प्रगती, तू जाय."

"मॅडम, पण तुम्ही..."

"जाय म्हणते ना!"

तिने बॉल आणला. सुषमाने गोल टाकला. तेवढ्या एका गोलने आम्ही जिंकलो आणि टीम राहिली.

सोमवारी साहेबांनी पेढा दिला. "टीम चालू ठेवतो. पण मॅडम, पुढच्या साली स्विम-ऑफले ती नवी पोरगीच ना? तुमच्या नावापुढे कोच लिहू?"

"लिहा," मी म्हणाले.

टीम वाचवायला गेलं की टीम वाचते. आपणही वाचू, असं खेळाच्या कुठल्याच नियमात नाही. पूल सुरू झाला त्या संध्याकाळी मी काठावर शिट्टी घेऊन बसले आणि घरी आले, तेव्हा दोरीवर वाळत घालायला माझ्याकडे ओला स्विमसूट नव्हता. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण रडू आधी आलं.