रॅपशिवाय निघालेली तबकडी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या स्लाऊजवळ एका छोट्या स्टुडिओत मी तबकड्या कोरायचो. टेपवर आलेलं गाणं लाखेच्या तबकडीवर उतरवायचं, मग तिच्यावरून साचा निघायचा आणि रेकॉर्ड छापल्या जायच्या.

तिथे तीन मित्रांचा एक ग्रुप यायचा. दोघं इंग्रज, तिसरा आपल्याच एका मराठी डॉक्टरांचा इथे जन्मलेला मुलगा, पंचविशीतला. मी नाट्यसंगीतावर वाढलेलो, त्यामुळे त्यांच्या कामाचं मला भारी कुतूहल.

"पेटी कोण वाजवतं रे?"

"कोणीच नाही, काका. सगळा मशीनवर. जुन्या रेकॉर्डचे तुकडे घेतो, लूप करतो. खाली हाऊसचा, म्हणजे क्लबमधल्या डान्सचा बीट, वरती माझा रॅप. म्हणून हिप हाऊस."

"मग तुम्ही तिघं काय करता?"

"आम्ही आर्ग्यू करतो. फुल टाइम."

एकदा त्यांच्या खोक्यात दोन टेपा आल्या. एक रॅपसकट, कोरायची. दुसरी रॅपशिवाय, डॉक्टरांचा मुलगा स्टेजवर रॅप करेल तेव्हा मागे लावायची. आवाज काढला की खाली काय उरतं, हे ऐकायला मी दुसरी मशीनवर चढवली. तेवढ्यात फोन आला. परत येऊन मी तीच कोरली. दुसऱ्या दिवशी खोकं आवरताना पाहिलं, तर पहिली टेप उलगडलेलीच नव्हती. रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याला एक फोन करून काम थांबवता आलं असतं. माझ्या हातून चूक होत नाही, असा माझा लौकिक होता. मी फोन केला नाही.

तिघं कार्यक्रमांसाठी बाहेर होते. ते परतेपर्यंत क्लबांमध्ये ती रेकॉर्ड वाजू लागली होती. त्यांची रेकॉर्ड कंपनी म्हणाली, आहे तशीच राहू दे. रॅप करणारा थेट माझ्याकडे आला.

"काका, खरं सांगा. त्या दोघांनी टेप बदलली ना?"

"जी आली ती मी कोरली," मी म्हणालो.

त्याने ग्रुप सोडला. उरलेल्या दोघांनी आणखी काही रेकॉर्ड काढल्या, दुसऱ्यांची गाणी नव्याने बांधून दिली, आणि नव्वदीच्या मध्यावर तेही थांबले. त्या रेकॉर्ड मी सगळ्या ऐकल्या. प्रत्येकीत त्याचा रॅप कुठे आला असता, याचा अंदाज घेत ऐकल्या.

तो आता नॉटिंगहॅमला शाळेत शिकवतो. गेल्या महिन्यात मी त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे ते दोघं खरं बोलत होते."

"हो."

"त्यातला एक गेला, काका. मी फ्युनरलला पण नाही गेलो."

मी दुसऱ्याची चौकशी केली.

"दुसरा केंब्रिजला असतो," तो म्हणाला. "त्याला तुम्ही सांगा. मी सांगितला तर वाटेल, मी सॉरी म्हणायला बहाणा शोधतोय."

"तू येशील बरोबर?"

"बाहेर गाडीत बसतो. आधी तुम्ही आत जा."

शनिवारी आम्ही जाणार आहोत.