पांढऱ्या अस्वलाकडे पाठ

बाई गेल्या तेव्हा मला आधी संशयच आला. दुपारचा चहा घेऊन गेले, तर खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या, मान जराशी कलती. हे सोंग मी हजारदा पाहिलं होतं. मी फोनवर मुलीशी बोलायला लागले की बाईंना हटकून झोप लागायची, आणि मी फोन ठेवला की डोळे न उघडताच म्हणायच्या, "जावयाबद्दल एवढं बोलू नये, तिलाच नांदायचंय." म्हणून मी कप स्टुलावर ठेवला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "जन्मभर शाळा केली, पण भाकरी काही गोल आली नाही कधी." एवढ्यावर त्या उठायलाच हव्या होत्या... उठल्या नाहीत. चहावर साय धरली तरी मी समोर बसून होते. कधी हसतील ते बघत.

त्याला आता दीड महिना झाला. बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. बुरहानपुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, गल्ली 'बाई' म्हणायची म्हणून मीही बाईच म्हणत आले. साठ वर्षांहून जास्त आम्ही एका छपराखाली काढली, त्यातली शेवटची वीस-पंचवीस दोघीच. त्यांच्या विद्यार्थिनी मागे लागल्या आहेत, पुरवणीत लिहा, बाईंची शिस्त, बाईंची विद्वत्ता. ते त्यांनी लिहावं. मला लिहायचं आहे ते माझ्या संशयाबद्दल, कारण मी बाईंना ओळखलं ते त्यांच्यावर संशय घेऊन घेऊन. नात शेजारी बसून टाइप करते आहे आणि म्हणते आहे, "आजी, ये सब मत लिखवा ना." लिही म्हटलं.

मी रावेरची. लग्न होऊन आले तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची आली होती, कचेऱ्यांतून मराठी कागद मागे पडायला लागले होते आणि माझं माहेर एका राज्यात नि सासर दुसऱ्या. माझ्या नवऱ्याला त्याचं काही नव्हतं, त्याला जसोंडीच्या केळीबागेशी मतलब. पण बाईंच्या शाळेत हुकूम आला की पुढच्या सालापासून हिंदीत शिकवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसायचं की रोज दुपारी जेवणं झाली, भावजी दुकानावर गेले, की जाऊबाई खोलीचं दार लावून घेतात आणि आत कोणाशी तरी हिंदीत बोलतात. एके दिवशी मी दाराला कान लावला. आत बाई अगदी लाडानं म्हणत होत्या, "यहाँ छह महीने सूरज नहीं डूबता. डरो मत, पास आओ."

अठरा वर्षांची ती टवळी, म्हणजे मीच, आज समोर आली तर तिला दोन थोबाडीत देईन. पळत जाऊन सासूबाईंना सांगितलं, आत कोणीतरी आहे. सासूबाईंनी दार ठोठावलं. बाईंनी उघडलं. आत कॉटवर मांडलेले सहा तांबे आणि बाईंच्या हातात एक संत्र, त्याला टोकाशी काडी खोचलेली. तांबे म्हणजे मुली आणि संत्र म्हणजे पृथ्वी. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय वं माय, यातला कोणता तांब्या तुला परपुरुष दिसला?" बाईंनी संत्र सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मला वाटलं, यातही काहीतरी डाव असेल. मी ते खाल्लं नाही, मागच्या दारी टाकून आले.

तर ज्या उत्तर ध्रुवाबद्दल बाई चाळीस वर्षं दोन भाषांतून बोलल्या, तो त्यांनी पाहिलेला नव्हता. सत्तरी गाठल्यावर त्यांच्या मुलानं, शिरूनं, बोलावलं. शिरू नॉर्वेत इंजिनियर. त्यानं उन्हाळ्यातल्या एका जहाजाची सोय केली, बर्फ, पक्षी, अस्वलं दाखवून परत आणतात ते. एक जागा बाईंची, एक माझी. मला कायला? मी साठी ओलांडलेली विधवा, इंग्रजी येत नाही, बर्फाच्या गोळ्यानंही घसा धरणारी. "सोबत नको का मला?" बाई म्हणाल्या. ज्या बाईला तापीच्या पुरातही राजघाटावर एकटीनं जाऊन उभं राहायचं असे, तिला सोबत हवी?

मग एकेक दिसत गेलं. बाईंनी गच्चीवरच्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. "पाणी कोण घालणार?" तीन आठवड्यांसाठी कोणी जास्वंद देऊन टाकतं? लोखंडी कपाटाची किल्ली, जी त्या आंघोळीलाही गळ्यातून काढत नसत, ती माझ्या हातात दिली. आणि एक कापडी पिशवी भरली, जी आगगाडीत उशाला, विमानात मांडीवर, आणि शिरूच्या घरी कॉटखाली. मी बोट लावलं तर म्हणाल्या, "त्यात तुझ्या कामाचं काही नाही." तेव्हाच मी ओळखलं. ही बाई परत येणार नाही. मुलाकडे राहणार, आणि मला सहल दाखवून, गप्प करून, एकटीला बुरहानपूरला पाठवणार. त्या घरात मी एकटी कशी राहणार होते, ते माझ्या डोळ्यांसमोर येईना. संध्याकाळी दिवा लावल्यावर भांडायचं कोणाशी?

जहाज लहानसं होतं. साडीवरून पाटलोण, त्याखाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट, वर जहाजवाल्यांनी दिलेलं लाल जाकीट. दोघी दसऱ्याच्या रावणासारख्या दिसत होतो. रबरी होडीतून किनाऱ्याला नेत, आणि तिथं उतरलं की बंदूकवाले चहूकडे उभे. अस्वल आलं तर म्हणून, बाईंनी सांगितलं. मला त्या बंदुका अस्वलासाठी वाटेनात. भोंग्यावर इंग्रजीत लांबलचक सूचना होई, आणि बाई त्याचं मराठी करून सांगत, "टोपी घाल." मी म्हणे, "एवढं बोलला तो, आणि फक्त टोपी?" बाकीचं बाई गाळतात असा माझा पक्का समज. वॉलरस पाहिले, मिशीवाल्या म्हशी गाळात लोळाव्यात तसे एकमेकांवर पडलेले. काळ्या कड्यावर इतके पक्षी की आमच्या मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांसारखा खडखडाट. एका हिमनदीचा तुकडा समोर कोसळला, आधी दिसला, आवाज मागून आला... आत निळं होतं, नीळ घातलेल्या बादलीसारखं निळं. बाई होडीतून हात लांब करून तरंगत्या बर्फाला शिवल्या आणि हात तसाच ओला धरून बसल्या, पुसला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बघत होते ती पिशवी त्यांनी खोलीत ठेवली की बरोबर घेतली ते. खोलीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा ओरडला आणि सगळं जहाज धावत सुटलं. बाई दारातून म्हणाल्या, "कमल, चाल लवकर, अस्वल! पांढरं!" मी म्हटलं, "पुढे व्हा, मोजे चढवते." त्या गेल्या आणि मी पिशवी ओढली. वरच्या मजल्यावर लोक श्वास रोखून उभे होते, खाली मी श्वास रोखून गाठ सोडत होते. आत शाळेचे दाखले, पेन्शनचे कागद, भावजींचा फोटो चौकटीतून काढलेला, बाईंचा ताजा फोटो चिकटवलेला एक मोठा इंग्रजी फॉर्म. आणि परतीचं विमानाचं तिकीट. एकच. अक्षरं लावत लावत नाव वाचलं. माझं होतं.

गाठ होती तशी मारली आणि वर गेले. अस्वल कधीच बर्फाच्या उंचवट्याआड गेलेलं. लोक दुर्बिणी पुसत होते. "पाहिलंस?" बाईंनी विचारलं. "पाहिलं तर." "पिल्लं किती होती?" आता आली का पंचाईत. "एक," मी म्हटलं. बाई माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मोजे घातलेच नव्हते. "दोन होती," म्हणाल्या आणि समुद्राकडे वळल्या. जगातून माणसं येतात ते बघायला, आणि ही गाढवीण त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याची पिशवी उचकत बसली.

पुढचा दिवस संकष्टीचा. माझी संकष्टी कित्येक वर्षांची, बाळंतपणातही सोडली नव्हती. दिवसभर उपास, रात्री चंद्र पाहून जेवायचं. कॅलेंडरातलं पान फाडून आणलं होतं, पण चंद्रोदयाची वेळ तिथं बुरहानपूरची. बाईंमार्फत गाईड मुलीला विचारलं, चंद्र किती वाजता? तिनं एक पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, हसली. बाई म्हणाल्या, "आज उगवत नाही म्हणते. अजून दोन-तीन दिवस नाही." मी म्हटलं, "चंद्र उगवत नाही असं कधी झालंय?" कालच्या पिशवीचा सूड घेताहेत, मला उपाशी ठेवून. बाईंनी टेबलावरचं संत्र उचललं, मिठाचं भांडं चंद्र केलं, आणि मला समजावायला लागल्या की उन्हाळ्यात इथं सूर्य मावळत नाही आणि पौर्णिमेच्या अलीकडचा पलीकडचा चंद्र वर येत नाही. सहा तांब्यांतला एक तांब्या होऊन मी ऐकलं आणि एक अक्षर खरं धरलं नाही.

जहाजाच्या घड्याळात रात्रीचे अकरा झाले. बाहेर टळटळीत ऊन. मी काचेपाशी आकाशावर नजर लावून बसले होते, आणि बाई शेजारी. त्या कधी देवाचं काही करत नसत. त्यांनी संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही का नाही जेवलात?"

"पानात काय वाढलं ते ओळखू आलं नाही."

रोज तर ओळखू येत होतं. मला राहवेना. "तिकीट एकच आहे," मी म्हटलं.

"पिशवी उघडलीस."

"उघडली."

"अस्वल सोडून?"

"अस्वल सोडून."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शिरूला मी हो म्हटलंय, कमल. त्याला आई हवी आहे. घरी सांगितलं असतं तर तू गल्ली गोळा केली असतीस. इथे कुठे जाशील?"

"मला काय त्याचं?" मी म्हटलं. "राहा खुशाल. मला दोन खोल्या मोकळ्या मिळतील. रेडिओ मोठा लावीन. पसरून झोपीन." बोलताना आवाज फाटला तो उपासानं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बाईंनी उन्हाकडे पाहिलं. मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, "आपल्याकडे आता अडीच वाजून गेले. चंद्र कधीच वर आलाय. तापीवर असेल... गल्लीतल्या बायका नैवेद्य दाखवून, जेवून, झोपल्यासुद्धा. सोड उपास."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मलाच आत्ता दिसलं," बाई म्हणाल्या. मी डब्यातले केळ्याचे वेफर काढले, जसोंडीच्या आमच्याच बागेतले, शेंगदाण्याच्या तेलात तळून आणलेले. बुरहानपूरच्या चंद्राला हात जोडले, कोणत्या दिशेला ते बाईंनी दाखवलं, आणि आम्ही दोघींनी डबा संपवला. उरलेल्या प्रवासात त्या विषयावर एक शब्द नाही. ना त्यांनी काढला, ना मी.

परतायच्या दिवशी मी शिरूच्या दारात माझी बॅग घेऊन उभी, तर बाई पिशवी काखेत मारून गाडीत बसलेल्या. "तुम्ही कुठे?" "विमानतळापर्यंत. तुला तिथलं काही समजायचं नाही." विमानतळावर शिरूनं गंभीर तोंडानं दुसरं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. "दिल्लीपर्यंत येते," बाई म्हणाल्या, "मध्ये विमान बदलावं लागतं, तू भलत्याच देशात उतरशील." दिल्लीला म्हणाल्या, गाडीत बसवून देते. गाडीत बसवलं आणि स्वतःही बसल्या. खंडवा गेलं, चांदनी गेलं, मी काही विचारलं नाही. विचारलं तर उतरतील अशी भीती. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, पावसाळा सरला की जाते. मग थंडी सरली की. मग केळीचे घड उतरले की. शिरू दर वर्षी विचारी. वीस वर्षं केळीचे घड उतरत राहिले.

मी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाईंना तिकडे करमत नाही, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. तेराव्याला शिरू आला होता, त्याच्यापाशीही तेच म्हटलं. तो डोळे पुसून हसला. म्हणाला, "काकू, आईला तिकडे राहायचं होतं. शेवटपर्यंत म्हणायची, तो बर्फ अजून एकदा बघायचाय. पण दर फोनवर एकच... कमलला एकटीला राहता येत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला? मला राहता येत नाही? ही बाई वीस वर्षं माझी अशी बदनामी करत होती आणि मला पत्ता नाही! नंतर वाटलं, शिरू मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल. म्हणजे त्यांना खरंच करमलं नसेल. पण त्यांना बर्फ बघायचा होता हे तो कशाला बनवून सांगेल?... माझा संशय अजून गेलेला नाही. आता निकाल कोणाकडून घ्यायचा?

मुलगी रोज फोन करते, आई, इंदूरला ये. मी म्हणते, येते, बाईंची पुस्तकं लावून झाली की येते. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक दार आहे. बाईंच्या सवयीनं ते रात्रभर अर्धं उघडं असे, माझ्यावर पाळत ठेवायला असं मी समजत असे. काल नातीनं विचारलं, आजी, तिकडे कोणी नाही, दार कशाला उघडं ठेवतेस? मी म्हटलं, पलीकडच्या खिडकीतून वारा येतो.

त्या खोलीची खिडकी मी दीड महिन्यात उघडलेली नाही.