साहेबाच्या मैदानावरचे रविवार

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे जमतात ना, तसे ते जमतात. एक काढायला जावं, तर चार डोक्यावर येतात! परवा पुण्यात जेवताना एका मित्राने विचारलं, "सिंगापूरला रविवारी काय करायचात रे?" मी म्हटलं, "ब्रिटिश आर्मीशी लढायचो." झालं! ताटं सुकली, पण कोणी उठेना.

थाप नाही, खरंच. ब्रिटिशांचं मोठं सैन्य सिंगापूरहून गेलं त्याला जमाना झाला. पण उत्तरेला, सेंबावांगच्या बाजूला, त्यांचं एक छोटंसं युनिट होतं. बोटींची ये-जा सांभाळणारी मूठभर माणसं, त्यांची कुटुंबं, एक मेस आणि मोठ्या झाडांच्या सावलीतलं देखणं मैदान. २०१२ नंतरची काही वर्षं आमचे कितीतरी रविवार त्या मैदानावर गेले.

सगळं सुरू केलं विन्याने. विन्या म्हणजे विनायक मुजुमदार, तुआसच्या एका शिपयार्डमध्ये इंजिनिअर. तिथे कुठल्याशा बोटीच्या कामासाठी त्या युनिटचा सार्जंट बॅरी आला. साडेसहा फूट उंच आणि मान अशी नाहीच, खांद्यांवर थेट डोकं! विन्याच्या केबिनमध्ये कोपऱ्यात बॅट बघून त्याने विचारलं, "तुमची टीम आहे?"

टीम नव्हती. विन्या म्हणाला, "आहे तर!"

संध्याकाळी मला फोन आला. "रविवारी तू ओपनिंग करतोयस."

"विन्या, मी कॉलेजनंतर बॅट धरलेली नाही."

"तेच तर! फ्रेश आहेस!"

अशी टीम उभी राहिली. निम्मे माझ्यासारखे आयटीवाले, बाकी युनिव्हर्सिटीतले पोस्टडॉक. पहिल्या मॅचला आम्ही इतक्या झटपट बाद झालो की त्यांच्या मेसमध्ये चहाचं पाणीसुद्धा उकळलं नव्हतं! त्यांचे कॅप्टन मेजर ॲलन, करड्या मिशांचे, अतिशय सभ्य. आमच्याकडे येऊन म्हणाले, "जंटलमेन, चहा अजून अर्ध्या तासाने आहे. तोपर्यंत आणखी एकदा बॅटिंग करता का?"

आम्ही केली. चहाच्या आधी परत बाद झालो!

*

पण आमच्याकडे एक शस्त्र होतं. मराठी!

विन्या आमचा कॅप्टन आणि विकेटकीपर. स्टंपमागून तो खुशाल ओरडायचा, "पेंडशा, पायात टाक, हा पायात आंधळा आहे!" पेंडसे म्हणजे आमचा स्पिनर, रसायनशास्त्राचा पोस्टडॉक. तो बरोबर पायात टाकायचा आणि बॅरी बरोबर उडायचा. कितीतरी महिने हे चाललं.

मग एका रविवारी विन्या ओरडला, "हळू सोड, हा ठोंब्या पुढे येईल!" बॅरी पुढे आलाच नाही. मागे थांबला आणि सिक्स मारली. विन्या म्हणाला, "बाहेर टाक, बाहेर!" बॅरी आधीच बाहेर सरकून उभा. फोर!

विन्या चक्रावला. पुन्हा काही ओरडणार, तेवढ्यात बॅरी वळला आणि शांतपणे मराठीत म्हणाला, "विन्या, पायात टाक रे. मी आंधळा आहे!"

विन्या तिथेच खाली बसला.

फितूर आमच्याच घरात निघाला. माझी दहा वर्षांची लेक ईरा स्कोअर लिहायला यायची. चहाच्या वेळी बॅरी तिच्या शेजारी बसून एकेक शब्द शिकत होता. घरी मी दरडावून विचारलं, तर अस्सल सिंगापुरी सुरात म्हणते कशी, "बट पापा, ही आस्क्ड सो नाइसली, लाह!"

*

विन्याची बायको शर्मिला नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये हाडांची डॉक्टर. रविवारी ती झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसायची. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळायचं नाही.

एका मॅचमध्ये मेजरसाहेब रन घ्यायला धावले. पेंडसेने थ्रो केला. मेजरनी या वयात चक्क डाइव्ह मारली! विन्याने बेल्स उडवल्या आणि सगळे ओरडलो, "हाऊज दॅट!" अंपायरने बोट वर केलं. पण मेजर उठेनात. खांदा निखळला होता. चेहरा पांढराफटक, पण तोंडातून हूं की चूं नाही.

शर्मिला पेपर टाकून धावत आली. आधी मनगटाची नाडी बघितली, बोटं हलवायला लावली. मग म्हणाली, "मेजर, अँब्युलन्सची वाट बघू, की मी इथेच प्रयत्न करू?"

"इथेच," दात आवळून मेजर म्हणाले.

"मग मला तुमच्या बागेबद्दल सांगा. काय काय लावलंय?"

मेजर सांगायला लागले. इंग्लंडातलं घर, गुलाब, वाटाण्याचे वेल. शर्मिला हळूहळू त्यांचा हात फिरवत होती. वाटाण्यावरून गाडी बटाट्यावर आली, आणि कट्ट! मेजरचा चेहरा क्षणात सैल पडला. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत... म्हणजे एकाच हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मग भानावर येऊन विचारलं, "पण माझ्या विकेटचं काय झालं?"

विन्या म्हणाला, "सर, शोल्डर इन. यू आर आउट!"

*

एका वर्षी सुमात्राच्या जंगलांचा धूर सिंगापूरवर असा पसरला की समोरची बिल्डिंग दिसेना. मॅच रद्द. मग त्यांना ईस्ट कोस्टला आमच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, बोलावलं आणि फंक्शन रूममध्ये कॅरम मांडला. बॅरी बोर्डाभोवती फिरून म्हणाला, "अच्छा, बोटांनी खेळायचं स्नूकर! सोप्पं आहे."

माझ्या बायकोने ब्रेक केला आणि बोर्ड जवळजवळ साफ करूनच थांबली. बॅरीने जोर लावून स्ट्रायकर मारला. स्ट्रायकर जागचा हलला नाही, पण बॅरी मात्र बोट तोंडात धरून रूमभर नाचला!

नख फुंकत त्याने विचारलं, "याला हेल्मेट कुठे मिळतं?"

*

त्यांच्या मेसमधली क्विझ म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. हरणाऱ्या टेबलाने सगळ्यांची भांडी घासायची! त्या संध्याकाळी आमचं आणि बॅरीचं टेबल बरोबरीत होतं. शेवटचा प्रश्न इतिहासाचा. मेजरनी घसा साफ करून वाचला, "आशियातलं असं एक ठिकाण सांगा, जिथे ब्रिटिश फौजेवर नामुष्की ओढवली आणि तिने हार मान्य केली."

सिंगापुरात बसून हा प्रश्न! उत्तर शेंबड्या पोरालाही माहीत. बॅरीचा हात वर जाणार, त्याआधी विन्याचा गेला.

"वडगाव!"

सगळी मेस विन्याकडे वळली. "कुठे?" मेजरनी विचारलं.

"वडगाव मावळ, पुण्याजवळ. माझी सासुरवाडी. मराठ्यांनी तुमची रसद तोडली, पाणी तोडलं आणि तह करायला लावला."

"उत्तर आहे सिंगापूर! १९४२, जपान्यांपुढे!" बॅरी टेबलावर हात आपटून म्हणाला.

"प्रश्न 'एक ठिकाण' असा आहे," विन्या म्हणाला. "आणि तुमची एकापेक्षा जास्त आहेत, त्याला मी काय करू?"

मेजरनी फोन काढला. चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिले. मिशा थरथरल्या. मग म्हणाले, "एक हरकत आहे. ती ईस्ट इंडिया कंपनीची फौज होती, राजाची नव्हे."

"कोट लालच होते ना, सर?"

मेजरनी फोन खाली ठेवला, उठून उभे राहिले आणि कोट काढून बाह्या सरसावल्या. "बॅरी, तू घास. मी पुसतो."

*

त्यांच्या फॅमिली स्पोर्ट्स डेला बायकांची रस्सीखेच असायची. त्यांच्याकडे युनिटमधल्या दणकट मुली, हातात ग्लोव्हज, पायात खास बूट. आमच्याकडे शर्मिला, माझी बायको आणि आणखी चारजणी. एक बाई कमी पडत होती. माझ्या सासूबाई तेव्हा सांगलीहून नातीला भेटायला आल्या होत्या. पदर खोचून उठल्या. "दोरीच ओढायचीय ना? चला!"

"आई, अहो कंबर…" मी म्हटलं.

"कंबर माझी आहे, जावईबापू."

पहिल्या खेपेला आमच्या बायका गवतावरून घसरत गेल्या. बॅरी त्यांचा कोच, तो टाळ्या पिटत होता. सासूबाईंनी सगळ्यांना जवळ घेतलं. "अगं, हातांनी काय ओढताय? फुगडी विसरलात का? हात नुसते धरायला. टाचा रोवा आणि मागे रेला! अंगाचं वजन सोडून द्या!"

दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी फुगडीतला 'फू' धरला. प्रत्येक 'फू'ला सातहीजणी एकदम मागे रेलायच्या. दोरी हलेना. मग इंचभर सरकली. मग वीतभर. समोरच्या मुलींचे खास बूट गवत नांगरत पुढे आले! बरोबरी झाली.

तिसऱ्या खेपेला आम्ही पुरुषही बाहेरून 'फू फू' करत होतो. ओढाओढी इतकी चालली की माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले. सासूबाई मात्र आभाळाकडे बघत तिरक्या उभ्या, जणू आरामखुर्चीत! शेवटी समोरची पहिली मुलगी घसरली आणि सगळी रांग धडाधड आमच्याकडे आली.

बॅरी धावत आला. सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि ईराला म्हणाला, "आजीला विचार, ट्रेनिंग कुठे घेतलं?"

सासूबाई म्हणाल्या, "सांग त्याला, मंगळागौरीला."

बॅरीने फोनमध्ये टाइप केलं. "मंगला… गॉर. सिंगापूरला याची ब्रँच आहे?"

*

एवढं सगळं जिंकलो, पण क्रिकेट? एकदाही नाही! पावसाने मॅच वाहून गेली तरच आम्ही वाचायचो. अशात मेजरची इंग्लंडला बदली झाली आणि विन्यालाही अमेरिकेत नोकरी मिळाली. आता शेवटची मॅच. आदल्या दिवशी विन्या मला म्हणाला, "एकदा हरवायचंय यार यांना. नाहीतर जन्मभर चहाच आठवेल." नेहमी दंगा करणारा विन्या हे अगदी हळू बोलला.

त्या दिवशी मेजर अंपायर होते. आम्ही खेळलो जीव तोडून. पण शेवटी एक बॉल, सात रन आणि स्ट्राइकवर पेंडसे! समोर मी. म्हणजे संपलंच. त्यांची पोरं हात मिळवायला पुढे यायला लागली होती.

पेंडसेने डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल हवेत उडाला, एक टप्पा पडून दूर कोपऱ्यातल्या मोठ्या गटाराकडे गेला आणि सीमारेषेच्या अलीकडे गवतात थांबला. बॅरी त्याच्यामागे. आम्ही दोन रन पळालो आणि सवयीने थांबलो.

"पळा! अरे थांबता काय, पळा!" पॅव्हेलियनमधून विन्या किंचाळला.

बघतो तर बॅरी दोन्ही हात वर करून पुतळ्यासारखा उभा! त्याच्यासमोर भली मोठी घोरपड. जवळजवळ माणसाएवढी. गटारातून वर आली होती आणि बॉल हनुवटीखाली घेऊन निवांत पडली होती.

आम्ही पळत सुटलो. तीन! चार!

"सर, डेड बॉल द्या!" बॅरी ओरडला.

मेजर जागेवरून हलले नाहीत. "बॉल दिसतोय का, सार्जंट?"

"दिसतोय, सर!"

"मग तो हरवलेला नाही. उचल."

"सर, ती माझ्याकडे बघतेय!"

पाच! आणखी दोन सैनिक धावत आले आणि बॅरीच्या मागे उभे राहिले. एकाने स्टंप उपटून आणला. मेजर गरजले, "खबरदार! तिला हात लावाल तर इथला कायदा तुम्हाला सोडणार नाही!"

सहा! पेंडसेचा चष्मा पडला. तो चुकीच्या दिशेला पळायला लागला, मी त्याला कॉलर धरून वळवलं. छातीत कळा येत होत्या. शेवटचा रन मी अक्षरशः लोळत पूर्ण केला.

सात!

घोरपडीने एकदा जीभ बाहेर काढली, सावकाश उठली आणि गटारात उतरून गेली. इकडे विन्याने पेंडसेला खांद्यावर घेतलं होतं, शर्मिला आणि ईरा नाचत होत्या, आणि मी खेळपट्टीवर उताणा पडून रडत होतो की हसत होतो, माझं मलाच कळत नव्हतं.

मेजर आले. विन्याचा हात हातात घेतला. गटाराकडे एकदा बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "कॅप्टन, ही तुमच्याकडून खेळते?"

विन्याने डोळे पुसले. "हो सर. पण गड घ्यायचा असेल तरच!"