सोमाने चिरलेल्या माशाची साक्ष

सोमा गेल्याची बातमी त्याच्या मेव्हण्याने शाळेत येऊन सांगितली. मी मुलांना पाढे म्हणायला लावले होते. "मास्तर, सोमाभावजी सकाळी गेले," एवढंच तो बोलला आणि दाराशी बसून राहिला. मी शाळेला सुट्टी दिली आणि त्याच्याबरोबर सोमाच्या गावाची, कुंभारवाड्याची, वाट धरली. आज त्याला दीड महिना झाला. दुःख ओसरलं की मग लिहू, असं म्हणत होतो. पण ओसरायचं ते दुःख ओसरलं, राग राहिला. तेव्हा हे रागानेच लिहितो आहे.

खानापुराकडून बदली होऊन मी सुप्याला आलो तेव्हा सोमाने मला गळ धरायला शिकवलं. शेंगटी माशाला गांडूळ, मरळीला बेडकाचं पिल्लू, खवलीला पिकलेलं उंबर. उंबर झाडावरून पडल्यासारखं अलगद पाण्यात पडलं पाहिजे, नाहीतर खवली फिरकत नाही. दोरीला झटका बसला की मासा वर यायच्या आधीच तो नाव सांगायचा. मी एकदा विचारलं, "कसं कळतं रे?" तर म्हणाला, "मास्तर, तुमी पोरांचा आवाज ऐकून वळकता न्हाई? तसंच हाय." मोजकेच मासे धरायचा, घरापुरते. त्याच्या गावाजवळ देवाचा कोंड होता. तिथल्या डोहात गळ टाकायचा नाही असा गावाचा नेम, आणि तो सोमाइतका कसोशीने कुणीच पाळत नव्हता.

त्या कोंडात एका सकाळी मेलेले मासे तरंगले. लाकडाच्या ठेकेदाराच्या गुमास्त्याने आदल्या दुपारी तिथे सुरुंगाची दारू उडवली होती. दणका सगळ्या गावाने ऐकला होता. पण निम्मं गाव त्याच्याकडे कामाला. गुमास्ता म्हणाला, "सोमानं झाडाची विषारी साल टाकली." गावाने मान हलवली. सोमाने हात जोडले, "एक मासा चिरून बघा. सालीनं मेला तर आतलं धड असतं. दारूनं आतला हवेचा फुगा फाटतो, काटा मोडतो." गावचा प्रमुख, ज्याला तिथे बुधवंत म्हणतात, तो म्हणाला, "देवाच्या माशाला सुरी लावायची न्हाई." आणि सोमाला वाळीत टाकलं.

त्याच्या लेकीचं, शेवंतीचं, ठरलेलं लग्न मोडलं. पुढच्या वर्षी बायको तापाने गेली. गाव दारं लावून बसलं. सोमा, मी आणि तिचे नंदिगड्ड्याचे दोन भाऊ, आम्ही चौघांनी तिला नेलं. परतताना सोमा बोलला, "त्यो परत दारू उडवंल, मास्तर. सवय लागली हाय. मी थांबतो."

तो चार वर्षं थांबला...

कुळगीला जंगलखात्याच्या साहेबाचा मुक्काम पडला. साहेब गळाचा शौकीन. त्याला खूश करायला गुमास्त्याने टोपलीभर मासे आणले, "माझ्या माणसांनी गळानं धरले," म्हणून. साहेबाला माशांची नावं हवी होती; ती सांगायला सोमाला बोलावलं. मी दुभाषा. बुधवंतासकट गावातले दहा-बारा जण ओझी वाहायला आलेले. सोमाने एकेक मासा उचलून नाव सांगितलं. मग एक खवली गुमास्त्यापुढे धरली.

"हिच्या तोंडात बोट घाल. गळाचं भोक घावलं तर माझं नाक काप."

गुमास्ता हसला. सोमाने तिथेच सुरी चालवली. फाटलेला फुगा, काळं रक्त, मधोमध मोडलेला काटा. दुसरी चिरली, तिसरी चिरली. सगळ्या तशाच. मी साहेबाला शब्दन् शब्द सांगितला, आणि कोंडाची गोष्ट त्याने न विचारता सांगितली. सोमा बुधवंताकडे वळला. "ही देवाची न्हाई. आता बघशील का?"

त्याच आठवड्यात साहेबाने गुमास्त्याला तालुक्यातून हाकललं. तो बैलगाडीत सामान भरत होता तेव्हा सोमा समोरच्या दगडावर बसून बघत होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत उठला नाही. मीही शेजारी बसलो होतो. इतकं समाधान मला दुसऱ्या कशानेच मिळालेलं नाही.

मग गाव आलं. नारळ घेऊन, "झालं गेलं विसर" म्हणत. सोमाने नारळ परत केला. त्यानंतर अकरा वर्षं तो त्याच गावात राहिला, पण कुणाच्या घरचं पाणी प्याला नाही.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. खांदा द्यायला दोघे मेव्हणे आणि मी, तिघेच. बुधवंत पुढे झाला. आता म्हातारा झालेला. "मास्तर, मेल्यावर कसला राग? मला खांदा लावू द्या."

मी त्याला जागा देणार होतो, खोटं कशाला सांगू. पण शेवंती मध्ये आली. तिने पदर खोचला.

"आईला न्यायच्या वक्ताला कुटं व्हतास, काका?"

तो मागे सरला. चौथा खांदा तिने दिला. बाईमाणसाने खांदा दिलेला त्या गावाने कधी पाहिला नव्हता, आणि ते आम्ही त्यांना नदीपर्यंत पाहायला लावलं.