मुलाला विचारून सांगते

गिरणगावात कोणाला घर मिळतं आणि कोणाला नाही, या विषयावर माझी पीएच.डी. चालू होती. लोकांच्या घरी जायचं, परवानगी घेऊन रेकॉर्डर लावायचा आणि गप्प बसून ऐकायचं. गप्प बसण्यात मी हुशार. त्या हुशारीचा पुढे मला इतका राग आला की काय सांगू.

प्रभादेवीच्या एका जुन्या गल्लीत एक काकू भेटल्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या, दोन्ही मुली लग्न होऊन डोंबिवलीला. तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, त्यातली एक त्या भाड्याने देत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गाव खंयचा गो तुझा?" मी म्हटलं, कणकवलीकडचा. काळाचौकीच्या चाळीत वाढलेली मी, मालवणी तोंडात होतीच. काकू खूश झाल्या आणि लगेच म्हणाल्या, "वाडी खंयची?"

आमच्या कोकणात नुसतं गाव सांगून भागत नाही. वाडी सांगितली की जात कळते. आमची बौद्धवाडी, गावाच्या पार टोकाला. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरणच या प्रश्नावर होतं. आणि मी काय म्हणाले? "एसटी स्टँडजवळची." आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. वेळ मारून नेली. मुलाखत हातची जाऊ नये म्हणून, असं स्वतःला समजावलं.

मुलाखत मात्र फक्कड झाली. "नको असलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणू नये," काकू सांगत होत्या. "चहा द्यायचा आणि म्हणायचं, मुलाला विचारून सांगते. मला मेलीला मुलगा कुठे आहे!" त्या हसल्या. मीही हसले. नको असलेले म्हणजे कोण, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आपल्यातले नसतात ते गं. तुला काय सांगायचं." घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यांच्यापेक्षा माझंच हसणं मोठं होतं.

त्याच वर्षी आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. संक्रमण शिबिरात तिसरा मजला मिळाला, लिफ्ट कायम बंद. आईचे गुडघे गेलेले. दोन महिने ती खाली उतरली नव्हती, रविवारचं विहारसुद्धा सुटलं होतं. तळमजल्याची खोली शोधून मी थकले. एकदा काकूंसमोर बोलून गेले, तर त्या म्हणाल्या, "मग आईला इथेच आण की. खोली रिकामीच आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसले.

आईला उतरवायला अर्धा तास लागला. टॅक्सीत मी हळूच म्हटलं, "वाडी विचारली तर स्टँडजवळ म्हण." ती खिडकीबाहेर बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. टॅक्सीवाल्याने आरशात बघितलं तरी वाटलं, याला कळलंय.

काकूंनी आईला खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. आईने मोरीची पायरी स्वतः उतरून बघितली, पुन्हा चढून आली. कित्येक दिवसांनी मी तिला हसताना बघत होते. मग दोघी तिरफळांवर आणि सुक्या बांगड्यावर बोलत बसल्या. माझं लक्ष फक्त काकूंच्या तोंडाकडे.

"वाडी खंयची तुमची?"

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलंच नाही. बांगड्याबद्दल बोलत होती त्याच आवाजात म्हणाली, "बौद्धवाडी."

काकूंचं हसू तसंच राहिलं. त्या उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. चहा पिऊन निघताना त्या दारापर्यंत आल्या, आईचा हात धरून तिला पायरी उतरवली आणि म्हणाल्या, "मुलाला विचारून सांगते हं."

टॅक्सी मिळेना. आई एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली.

"बाई बऱ्या वाटल्या," ती म्हणाली. "मुलगा कुठे असतो गं त्यांचा?"

"त्यांना मुलगा नाहीये, आई." मग तो चहा, ते वाक्य, सगळं सांगितलं. माझं हसणंही.

"म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

आई गुडघा चोळत राहिली.

"मग मला तीन जिने कशाला उतरवलंस?"